रंगाऱ्याला विचारा

प्रश्न : रंगकामाची पोरं मला बघून गालातल्या गालात हसतात. माझं काय चुकतं?

उत्तर : ताई, ओल्या भिंतीला नावं ठेवली असणार तुम्ही! इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा पाण्यातला रंग, ओलं असताना फिकट दिसतं, वाळलं की गडद होतं. पहिला हात सुकायच्या आत 'हा तो रंग नव्हेच' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आपसात 'पंखा' म्हणतो. भिंत वाळेपर्यंत डोक्यावर गरगरतं. एका साहेबांनी तीनदा शेड बदलायला लावली आणि शेवटी पहिलीच पसंत केली. डबा तोच होता, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

तुम्ही भिंतीच्या हातभर तुकड्यावर रंगाचे दोन हात मारून घ्या, पूर्ण वाळू द्या, दिवसा आणि दिव्याखाली बघा, मग बोला. पोरांचं म्हणाल, तर दिवसभर पुट्टी घासून भुतासारखी पांढरी झालेली असतात. निम्मं हसू एकमेकांनाच असतं.