निवांत बसलं तरी नाडी नव्वदच्या वर

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही सिडकोत राहतो. माझे मिस्टर ४३ वर्षांचे, अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. वजन ९६ किलो, पोट बरंच सुटलंय. बीपी १५०/९६ आलं, शुगर बॉर्डरवर, आणि टीव्ही बघत बसले तरी नाडी ९० च्या वर. फॅमिली डॉक्टर म्हणाले नसांवर ताण आहे, हे म्हणतात मला कसलं टेन्शनच नाही. वजनाचा आणि नसांचा काय संबंध?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मिस्टर खरं बोलत असतील, पण या नसा, म्हणजे मज्जातंतू, मनाला विचारून चालत नाहीत. सिम्पथेटिक नसा धावपळीत हार्ट आणि बीपी वाढवतात, व्हेगस नर्व्ह आरामात हार्टचा वेग कमी ठेवते. पोटाच्या आत चरबी साठली की बहुतेकांत पहिलीचा जोर वाढतो, दुसरीचा घटतो, मग माणूस सोफ्यावर आणि शरीर मात्र जिना चढत असल्यासारखं.

चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन येतं, १९९४ मध्ये सापडलेलं, त्याचं काम मेंदूला 'बास आता' सांगायचं. लठ्ठपणात ते भरपूर असतं तरी भूक आवरत नाही, पण किडनीकडच्या सिम्पथेटिक नसांना ते चेतवत राहतं, मग किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी चढतं. याच नसांमुळे स्नायूंच्या रक्तवाहिन्या आकसतात, साखर तिथे नीट पोचत नाही, इन्सुलिन जास्त लागतं आणि ते जास्तीचं इन्सुलिन परत त्याच नसांना डिवचतं. बीपी आणि शुगर बरोबरच आले ते बहुधा यामुळेच.

आता तुम्ही न लिहिलेलं विचारते, ते घोरतात का? घोरता घोरता आवाज एकदम बंद, काही सेकंद श्वासच नाही, मग दचकून मोठा श्वास, असं होत असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्या. ऑक्सिजन घसरला की मानेतली कॅरोटिड बॉडी, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ओळखणारी छोटीशी गाठ, सिम्पथेटिक नसांना उठवते, रात्रभर हेच चाललं की दिवसाही त्या शांत होत नाहीत. एवढं घोरणं असून झोपेची तपासणी न केलेले लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं. स्लीप स्टडी करून घ्याच, सोबत ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, कारण थायरॉइड जास्त किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तरी नाडी वाढते.

बीपीची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. वजन पाच-सात किलो उतरलं तरी या नसांचा जोर कमी होतो, कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणायचं बघा. पापड, लोणचं, फरसाण कमी. गोदापार्कला रोज अर्धा तास चालू देत, पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र बीपी आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.