उपग्रहाच्या माहितीवरून वस्त्यांमधील उन्हाळ्याचा अभ्यास करता येतो का?

आपण समाजशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात आणि नागपुरातील झोपडपट्ट्यांना उन्हाळा अधिक जाचतो हे मोफत उपग्रह-माहितीवरून दाखवता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र या कामात मला स्वतःला जिथे ठेच लागली, ती जागा आधी सांगतो.

लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकी उपग्रहांच्या औष्णिक बँडवरून (म्हणजे उष्णतेचे प्रारण टिपणाऱ्या पट्ट्यावरून) मी मे महिन्याचा तापमान-नकाशा तयार केला, तेव्हा टिनाच्या छपरांची एक दाट वस्ती शेजारच्या सिमेंटच्या ले-आउटपेक्षा (आखीव प्लॉटांच्या वसाहतीपेक्षा) चक्क थंड दिसली. तसे अहवालात लिहिण्याच्या बेतात होतो. पण एका दुपारी त्या वस्तीत गेलो, तर दहा बाय बाराच्या खोलीत माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर पत्रा होता, त्यावर आजींनी सकाळी टाकलेले ओले गोणपाट वाळून कडक झाले होते आणि टाकीत पाणी नसल्यामुळे कूलर नुसताच गरम हवा फेकत होता.

उपग्रह तापमान थेट मोजत नाही. पृष्ठभागातून निघणारे प्रारण मोजून त्यावरून ते काढले जाते. चकचकीत पत्रा कितीही तापला तरी प्रारण कमी सोडतो, म्हणून गणितात ही उत्सर्जनक्षमता दुरुस्त केली नाही तर तो थंड भासतो. (गंजलेला पत्रा तितका फसवत नाही.) शिवाय या बँडची मूळ क्षमता १०० मीटर आहे, म्हणजे त्याचा एक चौकोन जमिनीवरचा १०० मीटर बाजूचा तुकडा असतो; फाइलमध्ये दिसणारे ३० मीटरचे चौकोन नंतर पाडलेले असतात. म्हणजे अनेक घरे, गल्ली, एखादा कडुनिंब आणि शाळेचे पटांगण यांची एकच सरासरी आपल्या हाती येते, आणि तीही सकाळी साडेदहाच्या सुमाराची. दुपारी तीनचे घर आणि रात्री भिंतींतून निघणारी धग, जिच्यामुळे लोक बाजा बाहेर टाकतात, ती त्यात नसते.

म्हणून नकाशाचा उपयोग कोणत्या वस्त्या पाहायच्या हे ठरवण्यापुरता करावा, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मीटर चौकोनांच्या प्रतिमांवरून झाडांचे प्रमाण काढावे आणि निवडक घरांत साधे तापमापक आठवडाभर टांगावेत. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या कामाला पुरते. लोकसंख्येसाठी मात्र २०११ च्या जनगणनेवरच भिस्त ठेवावी लागेल आणि २०१७ च्या महापालिका निवडणुकीतील ३८ प्रभागांच्या सीमा तिच्याशी जुळत नाहीत. माझा सर्वाधिक वेळ या जुळवाजुळवीतच गेला.

आणखी एक. मालकी पट्ट्यांचा प्रश्न लोंबकळत असलेल्या वस्तीत घराघराचे जीपीएस बिंदू नकाशावर छापू नयेत. लोकांनी विश्वासाने दार उघडलेले असते, आणि तोच नकाशा उद्या अतिक्रमण मोजायलाही वापरता येतो. मी प्रबंधात गल्लीपर्यंतच थांबलो आणि बिंदूंची फाइल कोणालाही दिली नाही.