खाजगी शिडाची नौका युद्धात गस्तीला कशी काय वापरली?

दुसऱ्या महायुद्धात शिडाचं जहाज शत्रूच्या पाणबुड्यांसमोर काय करणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण 'सी क्लाउड'चं उदाहरण बघा. १९३१ साली जर्मनीत कील इथे बांधलेली ही चार डोलकाठ्यांची आलिशान नौका अमेरिकेतल्या मार्जरी मेरिवेदर पोस्ट या धनाढ्य बाईंची होती. १९४२ मध्ये ती वर्षाला १ डॉलर भाड्याने अमेरिकी तटरक्षक दलाकडे गेली.

मग डोलकाठ्या उतरवल्या, राखाडी रंग फासला, पाणबुडीविरोधी शस्त्रं बसवली. म्हणजे गस्त घातली ती शिडांवर नव्हे, इंजिनावर! काम उत्तर अटलांटिकमध्ये ठरलेल्या जागी राहून हवामानाच्या नोंदी पाठवण्याचं. ऐकायला कंटाळवाणं, पण विमानं आणि जहाजांचे ताफे त्यावरच अवलंबून असत.

मला मात्र तिच्यावरची माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. कप्तान कार्लटन स्किनर यांनी गोऱ्या-काळ्या खलाशांना एकत्र, एकाच दर्जाने कामाला लावलं. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८ चा, हे त्याआधीचं! कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्सही याच जहाजावर होते.

१९४४ मध्ये नौका बाईंना परत मिळाली. पुढे ती पर्यटकांना फिरवू लागली, तीही पुन्हा शिडं लावून.