युद्धग्रस्त देशात दहशतवादी हल्ला झाला की बाकीचे देश नुसता निषेध का करतात? त्याचा काही उपयोग होतो का?

थोडा होतो. पण निषेध करून झाल्यावर त्या देशात थांबतं कोण आणि बॅगा भरतं कोण, हे जास्त महत्त्वाचं. ७ जुलै २००८ ला मी काबूलमध्ये होतो, म्हणून लिहितोय.

आमचं काम काबूलजवळच्या चिमतला सबस्टेशनचं. उत्तरेकडच्या पुल-ए-खुमरीहून हिंदुकुश ओलांडून २०२ किलोमीटरची २२० केव्ही विजेची लाइन काबूलला आणायची होती, भारत सरकारच्या पैशातून. सोमवार होता. सकाळी साडेआठच्या सुमारास गेस्ट हाउसच्या अंगणात चहा पीत साइटवर निघायच्या तयारीत होतो. आधी पायाखाली हादरा बसला, मग आवाज आला. वरच्या पत्र्यावरची धूळ माझ्या ग्लासात पडली. आमचा अफगाण ड्रायव्हर गाडीचं दार उघडंच टाकून रस्त्याकडे धावत सुटला. त्याचा चुलतभाऊ आईला ऑपरेशनसाठी दिल्लीला न्यायचं म्हणून त्या दिवशी आपल्या दूतावासाबाहेर व्हिसाच्या रांगेत होता.

संध्याकाळी तो चुलतभाऊ शवागारात सापडला.

दूतावासाच्या फाटकावर आत्मघाती गाडी आणून उडवली होती. ५८ माणसं गेली. ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, व्ही. वेंकटेश्वर राव आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) दोन जवान ही आपली माणसं. बाकी बहुतेक अफगाण. आपल्याकडच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला, याचा मला अजून राग आहे. ड्रायव्हर चौथ्या दिवशी कामावर आला. वाटेत त्याने एकच विचारलं, ‘आप लोग भी चले जाओगे?’

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निषेध केला, देशोदेशीचे संदेश आले. परिषदेच्या प्रसिद्धीपत्रकाला पंधराही सदस्यांची संमती लागते, म्हणून त्यात शब्द ठरावीक असतात आणि ते कुणावर बंधनकारक नसतं. ठराव ही वरची पायरी: नऊ मतं हवीत आणि पाच बड्या कायम सदस्यांपैकी कुणाचा नकाराधिकार नको. पण ठराव झाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. ऑगस्ट २००३ मध्ये बगदादच्या कॅनाल हॉटेलातलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय उडवलं. संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रमुख सर्जियो व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण गेले. आठवड्याच्या आत मदतकार्य करणाऱ्यांच्या संरक्षणाचा १५०२ क्रमांकाचा ठराव झाला. आणि काही आठवड्यांत संयुक्त राष्ट्रांनी आपले बहुतेक परदेशी कर्मचारी इराकमधून काढून घेतले. बॉम्ब ठेवणाऱ्याला हेच तर हवं असतं.

काबूलमध्ये आपण तसं केलं नाही. दूतावास बंद केला नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथेच पुन्हा स्फोट झाला, १७ जण गेले, तरीही नाही. मी याला खरी मुत्सद्देगिरी म्हणतो.

हल्ल्यानंतर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर मी कळव्याला आलो. आल्या आल्या थोरले मेव्हणे ऐरोलीहून घरी हजर. जेवायला बसलो आणि वीज गेली. तेव्हा भारनियमन होतं. मेणबत्ती लावेपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. ‘भावोजी, इथे कळव्यात अंधार, आणि तुम्ही काबूलला वीज द्यायला निघालात? आपलेच पैसे, आपलीच माणसं मरायची. मिळतं काय?’ माझे वडील गप्प. बायको ताट पुढे सरकवून आत निघून गेली. मी म्हटलं, दादा, कळव्याची वीज काबूलच्या लाइनमुळे जात नाही, आपल्याकडे निर्मिती कमी पडते म्हणून जाते. ते म्हणाले, परदेशी भत्त्यासाठी पोराबाळांना टांगणीला लावताय. त्यावर मी काही बोललो नाही आणि सुट्टी संपल्यावर परत गेलो. जानेवारी २००९ मध्ये उझबेकिस्तानची वीज त्या लाइनवरून काबूलला पोचली.

आता, थांबणं प्रत्येक वेळी शक्य असतं असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरल्यावर आपणही दूतावासातली माणसं विमानाने परत आणली, आणि ते बरोबरच केलं. जून २०२२ मध्ये छोटं तांत्रिक पथक परत गेलं. शिवाय मी पगारी इंजिनिअर होतो, परराष्ट्र खात्यातला नव्हे. आतले निर्णय कसे होतात ते तिथले लोकच सांगतील. आणि बायकोने ते महिने कसे काढले हे मी तिला फार उशिरा विचारलं, तेवढं मेव्हण्यांचं बरोबर होतं.

तेव्हा पुढच्या वेळी निषेधाची बातमी वाचलीत की महिन्याभराने बघा, निषेध करणाऱ्या देशाचा दूतावास तिथे उघडा आहे का, त्याची माणसं रस्त्यावर, धरणावर, लाइनवर कामाला आहेत का. आणि दादा, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो: भत्ता होताच, तो मी नाकारत नाही. पण परत गेलो ते त्या ड्रायव्हरला ‘नाही जाणार’ असं सांगून बसलो होतो म्हणून.