वाचकांचे प्रश्न : बीअरसाठी पातेलं कोणतं घ्यावं?

प्रश्न : घरी बीअर करून पाहायची आहे. हाती आलेली कृती वीस लिटरची आहे. स्वयंपाकघरात साधी शेगडी. तोटी आणि थर्मामीटर बसवलेलं स्टीलचं भांडं मला परवडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं परवडतं, पण मित्र म्हणतात की त्यात उकळलेली बीअर विषारी होते. केवढं आणि कशाचं पातेलं घेऊ?

उत्तर : घरी बीअर करण्याबद्दल तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते तुम्ही पाहिलं असेल, असं धरून लिहिते.

पातेल्याआधी शेगडीचा विचार करा. वीस लिटर बीअर हाती यायची तर उकळायला चोवीस-पंचवीस लिटर वर्ट (मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) घ्यावा लागतो, कारण तासाभराच्या उकळीत दोन ते चार लिटर वाफ होऊन जातात आणि तळाचा गाळही सोडून द्यावा लागतो. तेवढं पाणी उकळीला आणायला दोन किलोवॅटच्या शेगडीला, उष्णता अजिबात वाया गेली नाही तरी, सव्वा तासाच्या आसपास लागेल. प्रत्यक्षात उष्णता वाया जातेच. कमी ताकदीच्या शेगडीवर वर्ट नुसता गरम होत राहतो, खळखळ उकळत नाही. शिवाय भरलेलं पातेलं पंचवीस किलोच्या वर जातं. ते एकट्यानं उचलायला जाऊ नका.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की पहिलं पातेलं पंधरा-सोळा लिटरचं घ्या आणि कृती निम्मी करा. दहा लिटर बीअर शिकायला भरपूर होते. तुमची कृती मॉल्ट एक्स्ट्रॅक्टची (वर्ट आटवून केलेल्या तयार पाकाची किंवा पुडीची) असेल तर याच पातेल्यात वीस लिटरही जमतील. दहा-अकरा लिटर घट्टसर वर्ट उकळायचा आणि आंबवण्याच्या भांड्यात, उकळून गार केलेलं पाणी घालून वीसपर्यंत न्यायचा. रंग थोडा गडद येतो, हॉप्सचा (बीअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा) कडूपणा थोडा कमी उतरतो, इतकंच. पूर्ण वीस लिटर एकदम उकळायचेच असतील तर तीस लिटरच्या खाली जाऊ नका, आणि धान्य पिशवीत घालून त्याच पातेल्यात भिजवणार असाल तर पस्तीस ते चाळीस लिटर धरा.

वरची रिकामी जागा कमी करून पैसे वाचवू नका. पहिली उकळी फुटताना आणि हॉप्स टाकताना फेस झपाट्यानं वर येतो. वर्ट उतू गेला की शेगडीवर त्याचा चिकट काळा थर बसतो, तो निघता निघत नाही.

आता अ‍ॅल्युमिनियमचं. मित्रांची भीती अनाठायी आहे. वर्टचा पीएच पाचाच्या आसपास असतो आणि एवढ्या आम्लतेत अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर टिकून राहतो. नव्या पातेल्यात आधी अर्धा तास नुसतं पाणी उकळून घ्या. आतून ते काळपट, निस्तेज होईल. तोच थर आपल्याला हवा आहे, त्यामुळे तो चकचकीत घासून काढायचा नाही. कॉस्टिक किंवा पर्कार्बोनेटचे क्लीनर त्याला लावू नका, साधा साबण आणि मऊ स्पंज पुरे. उष्णता पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा कितीतरी सरस आहे. फक्त बीअर त्यात आंबवू नका, साठवू नका.

स्टील घासायला आणि टिकायला चांगलं, पण पातळ बुडाचं स्टील मी कुणालाच सुचवणार नाही. त्यात मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट तळाशी बसून करपतो आणि तो वास बीअरमधून कशानंही जात नाही. (एक्स्ट्रॅक्ट घालताना पातेलं आचेवरून उतरवायचं आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, मग बूड कितीही जाड असो.) इंडक्शन वापरत असाल तर दुकानात जाताना लोहचुंबक न्या. बुडाला तो चिकटला नाही तर ते पातेलं तुमच्या शेगडीवर तापणार नाही, आणि साधं अ‍ॅल्युमिनियमही तिथे चालत नाही. एनॅमलचं भांडं स्वस्त असतं, पण टवका उडाला की आतलं लोखंड गंजतं आणि बीअरला लोखंडाची चव येते. टवका उडालेलं जुनं भांडं फुकट मिळालं तरी घेऊ नका.

तोटी नसली तरी काही अडत नाही. दहा लिटर वर्ट गार झाल्यावर पातेलं उचलून ओतता येतं, किंवा निर्जंतुक केलेल्या नळीनं काढता येतो. थर्मामीटर वेगळा, हातात धरायचा घ्या, तो आंबवतानाही कामाला येतो. कान मात्र नीट तपासा. ते घट्ट रिव्हेट किंवा वेल्ड केलेले हवेत आणि दोन्ही हातांची पकड त्यांत बसायला हवी. झाकण असावं, पण उकळताना पूर्ण लावू नये, कारण उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर बाहेर जायला हवं.

एक शेवटचं. विकत घेण्याआधी तुमच्या सिंकची रुंदी मोजा. पातेलं त्यात बसलं तर बर्फाच्या पाण्यात ठेवून दहा लिटर वर्ट यीस्ट घालण्याइतका, वीस अंशांच्या आसपास, गार करता येतो आणि वर्ट गार करायची तांब्याची कॉइल घ्यावी लागत नाही.