वहीत दोन ओळी लिहीत जा

डिसेंबरात स्टीम, म्हणजे आपण जिथून कॉम्प्युटर गेम घेतो ते ऑनलाइन दुकान, तुला वर्षाचा गोषवारा दाखवेल: किती गेम, किती तास. तेवढ्यावर विसंबू नकोस. एक साधी वही कर. गेम संपला किंवा सोडलास, की त्याच दिवशी दोन ओळी लिही. का सोडलास तेही लिही. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. आता निम्मे गेम आठवत नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं.

माझे सर्वाधिक तास ‘स्टारड्यू व्हॅली’त गेले. एरिक बॅरोनने एकट्याने घडवलेला, २०१६चा शेती करण्याचा गेम. त्यात द्राक्षाचा वेल १० दिवसांत फळाला येतो, मग दर ३ दिवसांनी तोडणी. इथे पिंपळगावला मामांच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर चार महिने सगळ्यांचा जीव टांगणीला, त्यात अवकाळीची धास्ती. ते बघत वाढलेल्या मला त्या १० दिवसांनी केवढा दिलासा दिला! तासांच्या आकड्यात हे कुठे दिसणार?

सेलमध्ये घेऊन न उघडलेले गेमही वहीत मांड. खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळला असशील, तर स्टीमकडून पैसे परत मागता येतात. म्हणून नवा गेम सुट्टीच्या सकाळीच घे, परीक्षेच्या आठवड्यात नको.