फॉर्म ८८२ वर ‘नाही’ का लिहिलंत?

पत्र मॅसॅच्युसेट्सहून आलंय. पाच माणसांची कंपनी आहे, सैनिकांसाठी गॉगल बनवते. छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी पैसे देणाऱ्या एसबीआयआर योजनेतून, अमेरिकन लष्कराकडून, त्यांना फेज १ म्हणजे पहिल्या टप्प्याचं काम मिळालं, मार्च ते ऑगस्ट २०२२. मग सहा महिने खडखडाट. १ मार्च २०२३ पासून दोन वर्षांचं फेज २. घामाने काच धुरकटते म्हणून सैनिक गॉगल कपाळावर सरकवतात आणि डोळे उघडे पडतात, हे दुखणं जुनंच. यांनी फ्रेममध्ये हवेची अशी वाट काढली की वाफ बाहेर जाते आणि वाळू आत येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. आता एका मोठ्या चष्मा कंपनीला परवाना द्यायचाय. सगळं ठरलं, आणि त्या कंपनीच्या वकिलाने एका ओळीत विचारलं, ‘हा शोध लष्कराला कळवल्याचा कागद पाठवा.’ तो कागद नाही. वाचक विचारतात, ‘कल्पना २०१९ ची, माझ्या बेसमेंटमधली. मग सरकारचा संबंध येतो कुठे? आणि वहीतल्या तारखा थोड्या जुळवून घेता येतील का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तारखांवरून पेन फिरवू नका, वहीची ‘स्वच्छ प्रत’ काढू नका. आज तुमची अडचण उशिराची आहे. तारीख बदललीत तर ती फेडरल सरकारला खोटं सांगितल्याची होईल, आणि मग माझ्याऐवजी फौजदारी वकिलाला पत्र लिहावं लागेल.

आता मुद्द्यावर येऊ. एसबीआयआरचे वीस वर्षांचे डेटा हक्क, फेज ३ मध्ये (फेज २ नंतरच्या टप्प्यात) स्पर्धेशिवाय मिळू शकणारं काम, यावर तुम्ही दोन पानं लिहिलीत. ते सगळं बाजूला ठेवा. डेटा हक्क तुमच्या ड्रॉइंग्जसाठी आणि टेस्टच्या आकड्यांसाठी असतात, पेटंटची मालकी त्यांनी ठरत नाही. ती ठरते तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या मागच्या पानांवर, जिथे सगळेच न वाचता सही करतात. तिथे ‘फार’ (FAR, अमेरिकन सरकारच्या खरेदीचे नियम) ५२.२२७-११ नावाचं कलम आहे. ते म्हणतं की सरकारी कामात शोध लागला तर मालकी तुम्ही ठेवू शकता, सरकारला फक्त फुकट वापरण्याचा परवाना. बदल्यात, शोध लावणाऱ्याने कंपनीत पेटंटचं बघणाऱ्या माणसाला लेखी सांगितलं की तिथून दोन महिन्यांत कंपनीने तो सरकारला लेखी कळवायचा. नाही कळवलात तर सरकार लेखी मागणी करून मालकीच मागू शकतं.

पाच माणसांच्या कंपनीत पेटंटचं कोण बघतं? तुम्हीच. तुम्हीच मला पाठवलेल्या कागदांत तुमच्या इंजिनिअरचा १४ मे २०२३ चा ई-मेल आहे. ‘आतल्या फोमला नागमोडी खाच दिली, वाळू थांबली. पेटंट होईल असं वाटतं.’ सोबत एक ड्रॉइंग, दोन फोटो. तुमचं उत्तर काय? अंगठ्याचं चित्र. दोन महिन्यांचं घड्याळ त्या दिवशी सुरू झालं आणि १४ जुलैला संपलं. तुम्ही तेव्हा काय करत होतात ते पत्रात नाही, पण फॉर्म भरत नव्हतात एवढं नक्की.

तुम्ही म्हणता, दर महिन्याच्या प्रगती अहवालात हे सगळं होतंच, आणि तिथल्या टेक्निकल अधिकाऱ्याने ‘छान, वेगळ्या कागदाची गरज नाही’ असं सांगितलं होतं. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता पाठ झालंय. सरकारला बांधून घेण्याचा अधिकार कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला असतो, पाठ थोपटणाऱ्याला नाही. आणि अहवालांचा बचाव कोर्टात करून झालाय, तोही तुमच्यासारख्याच छोट्या कंपनीने, तुमच्यासारख्याच कामात. कॅम्पबेल प्लास्टिक्सने १९९२ मध्ये लष्कराशी विमानातल्या सैनिकांच्या गॅस-मास्कचे भाग विकसित करण्याचं कॉन्ट्रॅक्ट केलं. मास्कचे तुकडे ध्वनिलहरींनी जोडण्याची पद्धत त्यांनी काढली. अहवाल जात होते, ड्रॉइंग्ज जात होती, फक्त शोध कळवायच्या फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. १९९९ मध्ये पेटंट मिळालं. लष्कराने मालकी मागितली. कंपनी म्हणाली, तुम्हाला सगळं ठाऊक होतं की! फेडरल सर्किट कोर्टाने ते मानलं नाही. तुकड्यातुकड्यांनी दिलेली माहिती म्हणजे कळवणं नव्हे, सरकारी माणसाला एका ठिकाणी, एका नजरेत ‘हा शोध’ असं दिसायला हवं. पेटंट गेलं. कॉन्ट्रॅक्ट १९९२ चं, निकाल २००४ चा. म्हणून ‘कोर्टात बघू’ हे तुमचं वाक्य मी वाचलंच नाही असं समजा. गॉगलची चार मॉडेल्स जुनी होतील, तरी तारीख पडतच राहील.

तुमची केस एका बाबतीत आणखी नाजूक आहे. फेज २ संपताना, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तुम्ही डीडी फॉर्म ८८२, म्हणजे शोध कळवायचा तोच फॉर्म, भरलात आणि शोधाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलंत. कारण काय, तर पेटंट अजून मिळालेलं नव्हतं. अहो, रकाना शोधाचा आहे, पेटंटचा नाही! अर्ज करून वर्ष उलटलं होतं तुमचा.

आणि हे कलम उशीर करणाऱ्याला आणखी एक फटका देतं, जो फारसा कुणी वाचत नाही. एरवी सरकारने मालकी घेतली तरी कंपनीकडे स्वतः वापरायचा परवाना उरतो. शोध वेळेत कळवला नसेल तर तोही उरत नाही. म्हणजे स्वतःचा गॉगल विकायला स्वतःलाच परवानगी मागावी लागू शकते.

आता बेसमेंट. २०१९ ची कल्पना एकटी तुम्हाला वाचवत नाही. कलमाच्या व्याख्येत ‘किंवा’ आहे. शोध कॉन्ट्रॅक्टच्या कामात सुचला असेल, किंवा कॉन्ट्रॅक्टच्या कामात पहिल्यांदा प्रत्यक्ष चालवून दाखवला असेल, तर तो कलमात येतो. आधी सुचला आणि सरकारी पैशावर पहिल्यांदा चालला, तरी आलाच.

पण तुमच्या पत्रात, सातव्या पानावर, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे, आणि मला त्यातच थोडी आशा दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये, फेज १ संपलेलं आणि फेज २ चा पत्ता नाही अशा वेळी, तुम्ही थ्रीडी प्रिंटरवर छापलेली फ्रेम काच बसवून कुकरच्या वाफेवर धरलीत. वहीत तारीख आहे, ‘चौथ्या शिट्टीनंतरही काच स्वच्छ’ असं लिहिलंय, आणि पानावर तेलाचा डाग आहे. हे खरंच स्वतःच्या पैशाने, दोन फेजांच्या मधल्या फटीत झालं असेल, तर हवेच्या वाटेची मूळ रचना कलमाच्या बाहेर राहू शकते. ‘शकते’ म्हणतेय. सरकारी वकील म्हणेल, सैन्याच्या गॉगलवर ०.२२ कॅलिबरचा तुकडा सेकंदाला ५५० फुटांहून जास्त वेगाने आदळवून बघतात, तिथे कुकरची वाफ कसली चाचणी? त्याला उत्तर आहे. तुमच्या पेटंटचा दावा धुरकटण्याबद्दल आहे, तुकडा अडवण्याबद्दल नाही. पण वाफेची एक चाचणी पुरेशी ठरेल का, हे दाव्याच्या नेमक्या शब्दांवर अवलंबून आहे, आणि ते शब्द तुमच्या पेटंट वकिलाने बघायचे. शिवाय शोध लावणाऱ्याची नुसती स्वतःची वही पुरत नाही, दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं लागतं. त्या दिवशी कुकरखालचा गॅस वहिनींनी बंद केला असेल तर त्यांना आत्ताच, तुमच्याशी चर्चा न करता, आठवतं ते लिहायला सांगा. बायकोची साक्ष म्हणून वजन कमी धरतील, पण ती साक्ष आहे.

म्हणजे तुमच्याकडे एक नाही, दोन शोध आहेत. तुमची हवेची वाट, आणि इंजिनिअरची नागमोडी खाच. खाच फेज २ मधलीच आहे, तिथे वाद घालू नका. पहिल्याचा निकाल दोन कागदांवर आहे. एक, फेज २ चं प्रपोजल, जे तुम्ही त्याच फटीत पाठवलंत. त्यात ‘स्वखर्चाने चालता नमुना तयार आहे’ असं लिहिलं असेल तर सोन्यासारखं. ‘नमुना या कामात तयार करू’ असं असेल (पैसे मिळावेत म्हणून बहुतेक जण हेच लिहितात) तर ते पान तुमच्यासमोर ठेवलं जाईल. दुसरा कागद, प्रिंटरच्या रेझिनचं बिल. ते कंपनीच्या खात्यात पडलं, तुमच्या क्रेडिट कार्डावर, की नंतर सगळं एकत्र करून सरकारला लावलंत? शेवटचं असेल तर कुकरचा युक्तिवाद विसरा.

याच आठवड्यात करायचं ते हे. दोन्ही शोध कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला वेगवेगळे, नीट वर्णन करून कळवा, आणि आधीच्या फॉर्मवरचं ‘नाही’ चूक होती हे त्याच पत्रात मान्य करा. पहिल्या शोधाबद्दल, तो कलमात येतो असं आम्ही मानत नाही, खबरदारी म्हणून कळवतोय, असं स्पष्ट लिहा. मालकी ठेवायचीय हेही त्यातच सांगून टाका. उशिरा कळवून काय उपयोग, असं विचाराल. सरकारला मालकी मागता येते, मागितलीच पाहिजे असं नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगितलं की त्यांच्या वकिलाने शोधून काढलं, याने खूप फरक पडतो. त्यात कलमाच्या मजकुराची एक भानगड आहे. जुन्या शब्दांत, चूक कळल्यापासून साठ दिवसांतच सरकारला मालकी मागता येते. हे कलम ज्या मूळ नियमावर बेतलंय त्यातून २०१८ मध्ये ती मर्यादा काढली, पण ‘फार’मधल्या कलमात ती त्यानंतरही दिसते. तुमच्या प्रतीत ते वाक्य आहे का, हे मला पत्रावरून कळत नाही. असेल, तर तुम्ही कळवल्या दिवसापासून घड्याळ त्यांच्यासाठी चालू होतं. सरकारने तरीही मालकी मागितली आणि कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरचा अंतिम निर्णय हातात आला, तर कॉन्ट्रॅक्टचे वाद ऐकणाऱ्या अपील बोर्डाकडे जायला ९० दिवस आहेत. ते तरी चुकवू नका.

पेटंटच्या अर्जात सरकारी मदतीचा उल्लेख नसेल तर तो घाला. इंजिनिअरकडून शोध कंपनीच्या नावावर करून घेतल्याची सही आहे ना, तेही बघा. नसेल तर ती आधी घ्या.

पत्राच्या शेवटी ‘साचे भोसरीत बनवून घेतले’ असं आहे. कुठली ड्रॉइंग्ज पाठवलीत, कधी, ई-मेलने की पेनड्राइव्हने? लष्करी वस्तूंची तांत्रिक माहिती भारतात पाठवणं हीसुद्धा निर्यातच असते, आणि तिला परवाना लागू शकतो. तुमचा गॉगल कुठल्या यादीत येतो ते ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. तो विषय निर्यात-कायद्याच्या वकिलाकडे न्या, आणि तोवर भोसरीला नवीन फाइल पाठवू नका.

त्या चष्मा कंपनीला खरं सांगा. ‘मालकी निर्विवाद आमची आहे’ असं हमीपत्र त्यांनी पुढे केलं तर सही करू नका, ‘लष्कराला कळवलं आहे, उत्तराची वाट बघतोय’ एवढंच लिहून द्या. सौदा दोन महिने पुढे जाईल. आणि ती तेलाचा डाग असलेली वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. वकिलांना फोटो पाठवा, मूळ वही कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.